माझ्या हातचा ताप

माझ्या हातांना फॉर्मॅलिनचा वास यायचा. साबणाने जायचा नाही, लिंबाने जायचा नाही. घास तोंडाजवळ नेला की आधी तो वास आणि मग भाजीचा. मला बघायला आलेल्या मंडळींपुढे मी पोह्यांची बशी धरली तेव्हा मुलाच्या आईने नाकाला पदर लावला होता. ते स्थळ फिसकटलं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी माझ्या हातचे पोहे तरी का खावेत? पण पुढे एका वर्षी मला स्वतःलाच त्या हातांची भीती वाटायला लागली. हे त्या वर्षाचं आहे.

मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिस तंत्रज्ञ होते. दोन हजार तीनचा कुंभमेळा होऊन वर्ष उलटलं होतं. वडील एकलहऱ्याला वीजकेंद्रात होते, आम्ही नाशिकरोडला राहायचो. मी रोज बसने शहरात यायची. दुसऱ्या मजल्यावर आमचा विभाग: चार मशीन, चार खाटा. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली ते आठवड्यातून दोनदा येत आणि चार तास पडून राहत. त्यांचं रक्त नळीने बाहेर येई, प्लास्टिकच्या वीतभर नळकांड्यातून गाळलं जाई आणि परत अंगात जाई. त्या नळकांड्याला आम्ही सगळे सरळ ‘किडनी’ म्हणायचो. ज्याची किडनी त्याला. डायलिसिस झालं की ती धुवायची, जंतू मरावेत म्हणून फॉर्मॅलिन भरायचं, नाव लिहून फडताळात ठेवायची आणि पुढच्या वेळी फॉर्मॅलिन धुऊन काढून त्याच माणसाला पुन्हा लावायची. तेव्हा पुष्कळ ठिकाणी हीच रीत होती.

धुण्याच्या खोलीत दोन नळ होते, दोन्हींना यंत्रातून गाळून आलेलं शुद्ध पाणी. दाराकडचा नळ माझ्या सहकाऱ्याचा. तो घोटीहून यायचा, धावतपळत पोचायचा आणि पहिला नळ दिसेल तिथे उभा राहायचा. खिडकीकडचा नळ माझा. तिथून खालच्या चहावाल्याशी भांडता यायचं. हा नियम नव्हता, नुसती सवय. पेशंटही असेच वाटले गेले होते, काही त्याचे, काही माझे. ज्याचा पेशंट त्यानेच त्याची किडनी धुवायची.

माझ्या पेशंटांत एक मामा होते. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता, थोडा भाजीपाला आणि बाकी सगळा गुलाब. साठीचे असतील. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि खाटेवर पडल्या पडल्या मशीनकडे असं बघायचे की जणू ते बाजारात घ्यायला आलेत. “ताई, तुमच्या या मशिनीपरीस माझी मोटर बरी चालती,” असं दर खेपेला म्हणायचे. मी म्हणायची, “मग मोटरवरच लावते तुम्हाला.” सोबत मामी असायच्या. त्या हसायच्या आणि पिशवीतून गुलाब काढून खिडकीत ठेवायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या नळाची लवचिक नळी तडकली. कंपनीचा माणूस मुंबईहून आठवड्याने येणार होता. मी सगळ्यांसमोर त्या कंपनीचा उद्धार केला. पुढच्या वारी मामा येताना पिशवीत हातभर काळी ठिबक सिंचनाची नळी घेऊन आले. नाशकात त्या नळीने काय होत नाही? आमच्याकडे कपडे वाळायला तीच, टाकीचं पाणी बादलीत घ्यायला तीच, गल्लीतल्या मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या त्याही तिच्यावरच. मामांनी मला चहावाल्याकडून कढत पाणी मागवायला लावलं, नळीचं टोक त्यात बुडवून मऊ केलं आणि नळावर असं चढवलं की थेंब गळेना. “कोरी हाय ताई. पाण्याचा थेंब नाय गेला अजून हिच्यातनं.”

मी इतकी खूश झाले की आठवड्याने कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला परत पाठवलं. म्हटलं, आमच्या मामांनी तुमच्यापेक्षा चांगली बसवली आहे.

महिनाभराने पहिला ताप आला. एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना बाई म्हणायचो. सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. गणित शिकवायच्या, पण माझ्या रजिस्टरमधलं शुद्धलेखन तपासायच्या. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, बाई म्हणाल्या, “पंखा बंद कर गं.” पंखा बंदच होता. मग हुडहुडी भरली. तीन कांबळी घातली तरी दात वाजायचे थांबेनात. खाटेचा एक पाय आखूड होता, तो फरशीवर टकटक वाजत राहिला. तासाभराने सगळं शांत झालं आणि बाई झोपल्या. गुरुवारी तेच, त्याच सुमाराला.

मग दुसऱ्याला आलं, मग तिसऱ्याला. तिघेही त्याच, खिडकीजवळच्या खाटेवर. त्या खाटेवर पूर्वी एक गृहस्थ मशीन चालू असतानाच गेले होते. कुणीतरी ते उकरून काढलं आणि एका सकाळी खाटेखाली लिंबू-मिरच्या बांधलेल्या सापडल्या. मी त्या सोडून खाली फेकल्या आणि ज्याने कुणी बांधल्या त्याला ऐकू जाईल असं बोलले. तरी बाईंना मी दाराजवळच्या खाटेवर हलवलं, उगीच वाद नको म्हणून. अर्ध्या तासाने त्या खाटेवर दात वाजायला लागले. ताप खाटेवर राहिलाच नाही, तो बाईंच्या मागे आला. त्या क्षणी मी पहिल्यांदा घाबरले.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या, त्या रक्तातले जंतू वाढवून बघायच्या. तिसऱ्या दिवशी कागद आला: काही वाढलं नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा काही नाही. औषधं दिली की ताप चार दिवस दबायचा आणि परत यायचा. डॉक्टरांनी पाणीही तपासायला सांगितलं. माझा सहकारी बाटली घेऊन गेला, भरून आणली. पाणी स्वच्छ निघालं.

एक दिवस सहकारी रजिस्टर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. “ताई, राग मानू नका. ताप येणारे पाच जण आहेत. पाचही तुमचे आहेत. माझ्या एकालाही नाही.”

मला राग आलाच. तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग रजिस्टर घरी नेलं आणि एकेका तारखेपुढे बोट ठेवत गेले. तो खरं बोलत होता. ताप खाटेचा नव्हता, मशीनचा नव्हता. मी हात लावला की तो येत होता.

ही गोष्ट कुणी मोठ्याने बोललं नाही, पण पसरली. पेशंट आत आले की आधी विचारायचे, आज कोण लावणार? एका बाईने तिच्या मुलाला माझ्या हातून पाण्याचा पेला घेऊ दिला नाही. मी कोपरापर्यंत हात घासायची. एकावर एक दोन मोजे घालायची. मॅडमनी माझ्या बोटांवरून, नखांखालून बोळा फिरवला आणि तपासला. त्याचाही कागद आला: काही वाढलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाईंच्या रक्ताचा कागद आणि माझ्या हातांचा कागद मी शेजारी ठेवले, तर वरचं नाव सोडून त्यांच्यात काही फरक नव्हता. जे बाईंच्या रक्तात दिसत नव्हतं, ते माझ्या हातावरही दिसत नव्हतं.

आई असल्या गोष्टी मानणारी नव्हती. तरी एका संध्याकाळी तिने मला पाटावर बसवलं, हात पुढे करायला लावले आणि मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. आम्ही दोघी शेगडीकडे बघत बसलो. ठसका लागला नाही. “मिरच्या जुन्या असतील,” आई म्हणाली आणि उठून आत गेली.

एकेक करून माझे पेशंट सहकाऱ्याकडे गेले. मीच डॉक्टरांना तसं सांगितलं. आणि तिघांचा ताप थांबला. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? बाईंचा थांबला नाही. त्यांच्या छातीत भरलं होतं, हातावर गाठी आल्या होत्या, आणि पुढच्या महिन्यात त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला. मी माझे हात पाठीमागे घेतले.

फक्त मामा हटले नाहीत. “माझी किडनी ताईच धुणार. पोरीच्या हाताला काय बी नाय.” मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. मामा म्हणाले, “मी बी गेलो तर समदे म्हणतील, खरंच हाय.” त्यांना सगळ्यांत जोराचा ताप यायचा. हुडहुडीत त्यांची टोपी खाली पडायची आणि मामी ती उचलून परत घालायच्या. मला वाईट वाटायचं, पण मनातून बरंही वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण शहरात एक तरी माणूस माझ्या हाताला घाबरत नव्हता, याचं मला बरं वाटायचं. म्हणून मी हवा तेवढा हट्ट धरला नाही, आणि मामांची किडनी धूत राहिले.

त्याच सुमारास मॅडम माहेरी लासलगावला लग्नाला गेल्या. रक्तातले जंतू ज्यांत वाढवायचे त्या प्लेटा एरवी तीन दिवसांनी टाकून द्यायच्या, पण त्या गडबडीत कपाटात तशाच राहिल्या. आठव्या दिवशी त्या परत आल्या आणि मला खाली बोलावलं. मामांच्या रक्ताच्या प्लेटवर रव्याच्या कणांएवढं काहीतरी होतं, कोरडं, पांढुरकं. “हे आधीही असणार,” त्या म्हणाल्या. “आपण थांबलोच नाही.” प्रत्येक वेळी आम्ही कोरी म्हणून फेकून दिलेल्या त्या प्लेटा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. त्या कोऱ्या नव्हत्या.

सूक्ष्मदर्शकात ते क्षयाच्या जंतूसारखं दिसलं, लाल काड्या. क्षयाची औषधं सुरू झाली. मामांना त्यांनी काही फरक पडला नाही. अन्न जाईना, टोपी ढिली झाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “नेमका कोणता जंतू आहे ते कळलं नाही तर हे महिना काढणार नाहीत.”

पुण्यात एक प्रयोगशाळा तेव्हा जंतूंची जनुकं वाचून द्यायची. जंतू दिसतो कसा हे बघायचंच नाही, त्याच्या आत काय लिहिलंय तेच वाचायचं. मॅडमनी दोन नळ्या भरल्या, एक मामांची, एक बाईंची. बाई जाण्याआधी काढलेल्या रक्तातून ते कपाटात राहिलेल्या त्यांच्याही प्लेटवर उगवलं होतं. बाई गेल्यानंतर ते उगवलं, याचा मी तेव्हा विचार करायचा नाही असं ठरवलं. थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन मी पुण्याच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय? मी म्हटलं, विरजण. ती म्हणाली, सांभाळ, हिंदकळू देऊ नकोस.

कागद आले तेव्हा डॉक्टरांनी ते टेबलावर पसरले. ओळीच्या ओळी, चारच अक्षरं उलटसुलट, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. मामांची ओळ आणि खाली बाईंची ओळ. मी बोट ठेवून वाचत गेले, रजिस्टर वाचलं होतं तशी. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. बाईंनी तपासलं असतं तरी चूक सापडली नसती.

“क्षय नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्याचा चुलतभाऊ समजा. माणसात राहत नाही. मातीत राहतो, पाण्यात राहतो, नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतो. तिथे असला की फॉर्मॅलिनलाही दाद देत नाही. पण आपलं पाणी तर स्वच्छ आलंय.”

“कुठल्या नळाचं?” मी विचारलं.

मी बोलले आणि मलाच कळलं. माझा सहकारी बाटली घेऊन गेला होता, आणि तो कायम दाराकडच्या नळाशी उभा राहायचा.

धुण्याच्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकीकडच्या नळाची काळी नळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला एक थेंब धरला होता. पडत नव्हता. मी नळी काढली, ब्लेडने उभी चिरली. आत तपकिरी बुळबुळीत थर होता, पावसाळ्यातल्या मातीचा वास येणारा. तो मी बोटाने पुसला. त्याच्याखाली दुसरा थर होता, पांढरा, खरखरीत, क्षारांचा. मी तिथेच स्टुलावर बसले. यंत्रातून गाळलेल्या आमच्या पाण्यात क्षार नसतात. तो थर विहिरीच्या पाण्याचा होता, एका हंगामाचा तरी. नळी कोरी नव्हती.

सहा महिने मी माझ्या हातांकडे बघत होते, आणि त्या हातांत ही नळी होती.

मधला तुकडा पुण्याला गेला. तीच ओळ आली, अक्षरन् अक्षर. टोकं मी माझ्याकडे ठेवली, पांढरा थर जास्त तिथेच होता. ही नळी कुणी लावली, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “मी. घरून आणली होती.” त्यांनी मला जे ऐकवलं ते मी निमूट ऐकलं. त्यांचं बरोबरच होतं. कंपनीच्या माणसाला परत पाठवणारी मीच होते. बाहेर एवढंच पसरलं की हिने आणलेल्या नळीने बाई गेल्या. म्हणजे शेवटी माझाच हात.

जंतूचं नाव कळलं तसं औषध बदललं. मामा कित्येक आठवडे इंजेक्शनं घेत वॉर्डात पडून होते. एक दिवस त्यांनी विचारलं, “सापडलं का ताई, कुठनं आलं ते?”

“टाकीतनं आलं होतं मामा. टाकी धुतली आम्ही.”

“तुझा हात नव्हता ना?”

“नव्हता.”

“मी म्हणलंच व्हतं,” मामा म्हणाले आणि कुशीवर वळले.

ते बरे झाले. परत आले त्या दिवशी हात धुवायला म्हणून धुण्याच्या खोलीत गेले. खिडकीकडे आता स्टीलचा नळ होता. “नवा बसवला जणू,” एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. मशीनला नावं ठेवणं पुन्हा सुरू झालं आणि खिडकीत पुन्हा गुलाब येऊ लागले.

त्या दिवसांत बाईंची मुलगी काही कागद न्यायला आली होती. जाता जाता घुटमळली. म्हणाली, दर गुरुवारी सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर चार गुलाब असतात. कोण ठेवतं कळत नाही. पहिल्यांदा बरं वाटलं, आता भीती वाटते. गुरुवार म्हणजे आईचा डायलिसिसचा वार, हे बाहेरच्या कुणाला कसं माहीत? मामा तिथेच खाटेवर होते, डोळे मिटून.

पुढे दोन वर्षं मामा जगले आणि एका दुपारी घरीच, मळ्यात, झोपेत गेले. तेरावं झाल्यावर मामी आल्या. त्यांच्या पिशवीत मामांचं कांबळं होतं, डायलिसिसला यायचे तेव्हा आणायचे ते. “इथंच राहू द्या. कुणाला हुडहुडी भरली तर.”

मग इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, “वार्डात नळीचं कानावर आलं व्हतं. घरी आले आन् दुसऱ्याच दिशी ते मळ्यात गेले. गुलाबाच्या त्या वळीतली समदी नळी गुंडाळली आन् जाळून टाकली. म्या इचारलं तर म्हणले, ताईला कोरी म्हणून सांगितली, पर कोरी नव्हती. बंडल तालुक्याला संपलं व्हतं, वळीचं टोक कापून धुऊन नेलं. मला वाटलं, पाणीच तर जायचंय.”

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

“म्या म्हणलं, मग सांगा ना ताईला. तर म्हणले, तिनं आळ आपल्या अंगावर घेतलाय. आता म्या बोललो तर तिनं घेतलेलं वाया जाईल.” मामींनी पदराने डोळे पुसले. “बाईंच्या दारात मातुर जायचे. दर गुरुवारी, सायकलवर. शेवटी पाय सुजले तरी.”

मला रडू आलं ते मी खिडकीकडे तोंड करून रडले. खाली चहावाला कुणाशी तरी भांडत होता. मामींनी पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मी मोजे घातलेले नव्हते, हातांना फॉर्मॅलिनचा वास येत होता, आणि मी ते मागे घेतले नाहीत. बाई गेल्यापासून माझे हात कुणी धरले नव्हते.